पर्यायाची परीक्षा

हृदयाला धोका असलेल्या माणसाला डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी लिहून दिली, की अमरावती काय नि अकोला काय, आमच्या वऱ्हाडात एकच प्रश्न उठतो : "हिच्याऐवजी दुसरे काही नाही का?" मी पडलो मास्तर; उत्तराआधी प्रश्न तपासण्याची मला खोड. गोळीने अंग दुखते म्हणून विचारणे निराळे आणि जन्मभराचे बंधन नको म्हणून विचारणे निराळे.

पहिल्याला शास्त्रापाशी उत्तर आहे. बेम्पेडोइक ॲसिड हे औषध स्टॅटिन न सोसणाऱ्या १३,९७० जणांवर अजमावले गेले; २०२३ साली दिसले, की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारखे प्रसंग त्याने १३ टक्क्यांनी घटले.

दुसरा जवसाची चटणी नि करडईचे तेल पुढे करतो. ती ताटात अवश्य असावीत. कोलेस्टेरॉल त्यांनी थोडे उतरतेही. परंतु निसर्गातली म्हणून त्यांना परीक्षा माफ करावी काय? पहिले स्टॅटिनही १९७३ साली जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीतच सापडले!

आपल्या मुलाचा पेपर न तपासता मास्तराने गुण दिले, तर तो वर्गावर अन्याय. लाडक्या उपायाला असे गुण दिले, तर तो अन्याय घरच्यांना सोसावा लागतो. पर्याय जरूर शोधावा. पण डॉक्टरांना सांगून आणि रक्त तपासून.