औषधाची किंमत आणि माणसाचा हक

औषधाचा मालक कोण? ज्याने ते शोधले तो, ज्याने ते बनवून विकले तो, की ज्याचा जीव त्यावाचून जाणार आहे तो? हा प्रश्न मोठ्या शहरांतल्या कंपन्यांच्या संचालकांचा आहे, गोंडपिपरीसारख्या ठिकाणी त्याचे काय काम, असे कोणी विचारील. इथे एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. जंगल शेताच्या बांधापर्यंत आलेले. धान कापून झाले की माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. पण आम्हाला वाटते, हा प्रश्न इथेच नीट कळतो. औषधाविषयी मुंबईत किंवा युरोपात बंद खोलीत जे ठरते, त्याचा शेवट अशाच एखाद्या तालुक्यात, एखाद्या झोपडीत होतो. तिथे गोळी पोचली की नाही, एवढ्यावरूनच त्या निर्णयाचे मोल ठरते.

आपल्या समाजाला कर्तबगार माणसांची यादी करायला आवडते. त्या यादीत डॉ. युसूफ हमीद यांचे नाव हमखास असते. सिप्ला कंपनी, एड्सवरचे स्वस्त औषध, २००५ सालचे पद्मभूषण, एवढे सांगितले की भाषण पूर्ण होते. टाळ्याही पडतात. त्या अभिमानाबद्दल आमची तक्रार नाही. पण अभिमान ज्या कृत्याचा, ते कृत्य नेमके काय होते आणि ते आपल्याकडून काय मागते, हे तपासले पाहिजे.

वडिलांपासून सुरुवात करावी लागते. ख्वाजा अब्दुल हमीद मूळचे अलीगढचे. बर्लिनला जाऊन त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि विल्नियसच्या ज्यू घरातील लुबा यांच्याशी लग्न केले. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. तिचेच आखूड नाव पुढे सिप्ला झाले. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजी या कारखान्याला भेट देऊन गेले. परक्यांच्या औषधांवर देशाने जगू नये, हा त्या उद्योगामागचा विचार होता. फाळणी झाली तेव्हा हमीद इथेच राहिले. त्यांचे चिरंजीव युसूफ यांनी केंब्रिजला रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६० साली ते कंपनीत आले.

आता एड्सकडे वळू. एचआयव्हीचा विषाणू फार लवकर रूप बदलतो. एकच औषध दिले तर थोड्या काळात तो त्याला दाद देईनासा होतो. म्हणून तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, आणि तीही रोज, न चुकता, जन्मभर. हे शास्त्र १९९६च्या सुमारास पक्के झाले. श्रीमंत देशांत मरणाच्या दारातली माणसे उठून कामाला लागली. पण वर्षाचा खर्च होता दहा ते पंधरा हजार डॉलर. ज्या आफ्रिकेत रोगी सर्वाधिक होते, तिथे हे औषध असून नसल्यासारखेच होते. शिवाय या औषधांची पेटंटे वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. स्टॅव्हुडिन एकीकडे, लॅमिव्हुडिन दुसरीकडे, नेव्हिरापिन तिसरीकडे. त्यामुळे तिन्हींची मिळून एक गोळी करणे कोणालाच जमत नव्हते. भारताच्या १९७० सालच्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट दिलेले नव्हते, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर दिले होते. त्यामुळे सिप्लाला ही एकत्र गोळी बनवता आली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

२८ सप्टेंबर २००० रोजी ब्रसेल्सला युरोपियन कमिशनने बैठक बोलावली होती. हमीद यांनी तिथे वर्षाला ८०० डॉलरमध्ये औषध देऊ केले. ज्या देशांना स्वतः बनवायचे असेल त्यांना तंत्रज्ञान फुकट देऊ, आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारे नेव्हिरापिनही फुकट देऊ, असेही सांगितले. ऐकणारे गप्प राहिले. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेसाठी त्यांनी ३५० डॉलर हा दर जाहीर केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. त्याच सुमारास ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर स्वस्त औषधांच्या कायद्यावरून आधीच भरलेला खटला चालू होता. जगभर ओरड झाली आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांना तो मागे घ्यावा लागला.

यावर विरोधकांचा एक आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, ही रेणूंची रचना सिप्लाने शोधलेली नव्हती. दुसऱ्याच्या शोधावर स्वस्ताई करणे सोपे असते. शोधणाऱ्याला नफा मिळाला नाही तर उद्याचे औषध कोण शोधणार? प्रश्न रास्त आहे. पण शोधाचा खर्च कोणी केला, हेही पाहावे लागते. झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी, हे एड्सवरचे पहिले औषध. ते १९६४ साली जेरोम होर्विट्झ यांनी कर्करोगासाठी तयार केले, अमेरिकन सरकारच्या पैशावर. स्टॅव्हुडिनचा विषाणूविरोधी उपयोग येल विद्यापीठात सिद्ध झाला. २००१ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर विद्यापीठाला आणि कंपनीला दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा हट्ट सोडावा लागला. लोकांच्या करातून आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून जे उभे राहिले, त्यावर एकट्या भागधारकाचा हक कसा असेल? शोधणाऱ्याला मोबदला मिळावा, भरपूर मिळावा. पण मोबदला वेगळा आणि दुसऱ्याच्या श्वासावर मालकी वेगळी.

आपल्या फिक्हच्या चर्चेत ‘इहतिकार’ नावाचा एक विषय आहे. भाव चढावा म्हणून लोकांच्या गरजेची वस्तू दाबून ठेवणे, ही साठेबाजी निषिद्ध मानली गेली आहे. जुन्या फकीहांसमोर धान्याची कोठारे होती, पेटंटचे कागद नव्हते. तरी जी वस्तू बनवायला थोडा खर्च येतो आणि जिच्यावाचून माणूस मरतो, ती केवळ भावासाठी अडवून ठेवणे हे कोठाराला कुलूप लावण्यापेक्षा फार वेगळे आहे असे आम्हाला वाटत नाही. म्हणूनच ३५० डॉलरच्या त्या दराला खैरात म्हणणे चूक आहे. खैरातीत देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याची मान खाली. तो दर जाहीर झाला आणि दहा हजारांच्या किमतीतला फार मोठा भाग औषधाचा नव्हताच, हे जगाला कळले. ते हिशेब उघड करणे होते. ज्याचा हक होता, त्याला तो सांगणे होते.

याचा अर्थ त्या संचालकांना औलिया ठरवावे असा नाही. सिप्ला नफ्यावर चालणारी कंपनी. औषध किंमत नियंत्रणावरून तिचा आणि सरकारचा न्यायालयीन वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे करोनाच्या काळात, २०२० साली, गिलियड या अमेरिकन कंपनीच्या परवान्यावर सिप्लासह काही भारतीय कंपन्यांनी रेमडेसिविर बनवले. एका कुपीला सुमारे चार हजार रुपये पडत. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता. तरी एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यासाठी रांगा लागल्या, काळाबाजार झाला, लोकांनी दागिने विकले. औषध स्वस्त करणे हे कंपनीच्या नेतृत्वाचे एक कर्तव्य. औषधाचा उपयोग किती आणि कोणाला, हे भीतीच्या दिवसांत मोठ्याने सांगणे हे दुसरे. दुसरे कर्तव्य अधिक कठीण असते, कारण त्यात विक्री घटते.

आता पुन्हा इकडे येऊ. ३५० डॉलर म्हणजे त्या वेळचे सुमारे १६,००० रुपये. आफ्रिकेसाठी ती क्रांती होती. गोंडपिपरीच्या मजुरासाठी तोही डोंगरच होता. तो डोंगर कंपनीने नव्हे, सरकारने हलवला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत सुरू झाले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी केंद्रे आली. किंमत शून्यावर आली. मग प्रश्न सुटला का?

सुटला नाही. आता किंमत दुसऱ्या नाण्यात मोजावी लागते. एसटीने चंद्रपूरला जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. मिरचीच्या हंगामात दोन महिने परराज्यात राहायचे तर तेवढ्या गोळ्या आधी मिळायला हव्यात. उपचारात खंड म्हणजे विषाणूला मोकळी वाट. आणि सगळ्यांत महाग पडते ती लाज. केंद्राच्या रांगेत ओळखीचा माणूस दिसला तर? नवरा एड्सने गेलेली बाई गोळीची बाटली तांदळाच्या डब्यात लपवते. तिच्या मुलीचे स्थळ मोडते. मय्यतीला गुसल देताना कुजबुज होते. एचआयव्ही झालेल्याशी भेदभाव करू नये, त्याची माहिती उघड करू नये, असा कायदा २०१७ साली झाला. पण मोहल्ल्याच्या तोंडाला कोणता कायदा कुलूप लावणार?

इथे हमीद यांच्या नावाचा अभिमान आपल्याकडे काहीतरी मागतो. त्यांच्या गोळीने ज्यांचे जीव वाचले, ते बहुतेक आफ्रिकेतले. ते ना नात्यातले, ना गावातले. आजार कसा झाला, चारित्र्य कसे होते, असे काही त्या दरपत्रकात विचारलेले नव्हते. हा गुण आपल्याला त्यांच्याकडून घेता येतो, आणि त्यासाठी कारखाना लागत नाही. औषध ही अमानत मानली तर ती बनवणाऱ्याच्या हातात असते तोवर त्याची जबाबदारी. मग सरकारची. शेवटी आशाताईच्या पिशवीतून किंवा रुग्णाच्या खिशातून ती मोहल्ल्यात येते, तेव्हा ती आपली. मुंबईतल्या एका कंपनीने हजारो डॉलर खाली आणले. जे अंतर आपल्या जिभेमुळे उरले आहे, ते आपल्यालाच खाली आणावे लागेल. कुजबुज थांबवायला पैसा लागत नाही, आणि ती थांबवण्याचा परवाना कोणत्याही कंपनीकडे नाही.