श्वासाची वाट आणि प्राण

वायूला स्पर्श आहे, पण रूप नाही. म्हणून तो डोळ्यांचा विषय होऊ शकत नाही, असे कणादांच्या वैशेषिक दर्शनाचे मत आहे. शरीराच्या आत संचार करणारा प्राण हाही त्या दर्शनाने वायूचाच एक प्रकार मानला. आता श्वासावाटे झेनॉन वायू देऊन केला जाणारा एमआरआय फुप्फुसात शिरलेल्या वायूचे चित्र पडद्यावर उमटवतो. त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. अरूप वायू प्रत्यक्ष झाला, असे म्हणायचे का? आणि जे दिसते त्याला प्राण म्हणता येईल का?

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौसर पट्ट्यात हे प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचे राहत नाहीत. छिंदवाड्यातून वेगळा काढून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सौसर त्यातच येते. मराठी बोलणारा हा मुलूख कापसाचा, संत्र्यांचा आणि मँगनीजच्या खाणींचा आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात जात राहिली की श्वासनलिका आखडतात. खाणीतल्या दगडाच्या धुळीत सिलिका असेल तर ती फुप्फुसात चट्टे पाडते. आणि याच मुलखात, सौसरजवळ, जामसावळीचे हनुमान मंदिर आहे. पिंपळाखालची इथली मूर्ती उभी नाही, निजलेली आहे. तिच्या नाभीपाशी येणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. दुखणाईत माणसाला घेऊन नातेवाईक इथे मुक्काम करतात. दैवत वायुपुत्र आणि दुखणे श्वासाचे, असा योग इथे सहज जुळतो.

साधा एमआरआय मुख्यतः शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-केंद्रकांवर चालतो. फुप्फुसात हवा भरपूर आणि पाणी त्या मानाने थोडे. शिवाय हवा व ऊती यांच्या असंख्य सीमांवर चुंबकक्षेत्र विस्कटते. म्हणून चित्रात फुप्फुसांच्या जागी काळोखच दिसतो. नुसता झेनॉन भरूनही भागत नाही. नेहमीच्या स्थितीत त्याची केंद्रके दोन्ही दिशांना जवळजवळ सारखी विभागलेली असतात. दहा लाखांत एखाददुसऱ्याचाच फरक उरतो. त्यावर उपाय असा : लेझरच्या प्रकाशाने रुबिडियमच्या वाफेतील इलेक्ट्रॉन एका दिशेला वळवायचे आणि टकरींतून ती दिशा झेनॉन-१२९च्या केंद्रकांना द्यायची. मग संकेत हजारो पटींनी वाढतो. १९९४ मध्ये उंदराच्या काढलेल्या फुप्फुसांची अशी चित्रे प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षे व त्यापुढील रुग्णांत वायुवीजन तपासण्यासाठी या वायूला मान्यता दिली.

रुग्ण यंत्रात आडवा होतो, थोडा श्वास सोडतो, पिशवीतला साधारण एक लिटर वायू ओढून घेतो आणि दहा-पंधरा सेकंद दम रोखतो. योगाच्या भाषेत एक पूरक आणि एक कुंभक. चित्र तेवढ्यातच घ्यावे लागते, कारण फुप्फुसातल्या ऑक्सिजनमुळे केंद्रकांची ही जुळणी अर्ध्या मिनिटाच्या आसपास ओसरते. वायू पोहोचला तो भाग उजळतो. नळ्या तुंबलेल्या असतील तो भाग काळा राहतो. फुंकर मारून केलेल्या तपासणीत साऱ्या फुप्फुसांचे मिळून आकडे येतात, इथे जागा कळते. थोडा झेनॉन वायुकोशांच्या पडद्यात आणि पुढे रक्तातील तांबड्या पेशींत विरघळतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या संकेताची वारंवारता बदलते. पडद्यातला संकेत मोठा आणि तांबड्या पेशींतला लहान आला, तर वायू रक्तापर्यंत नीट पोहोचत नाही, असे अनुमान निघते.

इथे ‘अनुमान’ हाच शब्द नेमका आहे. वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी वायूची चार लिंगे, म्हणजे खुणा, सांगितली : स्पर्श, शब्द, हलक्या वस्तूंना अधांतरी धरून ठेवणे आणि पानांचे हलणे. या खुणांवरून न दिसणारा वायू ओळखायचा. झेनॉनच्या तपासणीत कोणी वायू पाहत नाही. केंद्रकांचा रेडिओ-संकेत वेटोळ्यात पकडला जातो, गणित होते आणि त्या गणिताला पडद्यावर रंग दिला जातो. रंग चित्राचा असतो, वायूचा नसतो. म्हणजे जुन्या चार लिंगांत पाचव्याची भर पडली; वायू अरूपच राहिला. नव्य नैयायिकांनी वायूला स्पर्शाने प्रत्यक्ष मानले, पण डोळ्यांना तो दिसतो असे त्यांनीही म्हटले नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण परंपरेतच त्याची दोन उत्तरे आहेत. वैशेषिकांसाठी प्राण हा देहातला वायू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात मात्र मुख्य प्राण हा नुसता वायूही नाही आणि इंद्रियांची क्रियाही नाही, असे ठरवले आहे. छांदोग्य उपनिषदातील कथेत वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्ष देह सोडून जातात आणि देह कसाबसा जगतो. प्राण निघू लागताच मात्र साऱ्यांची मुळे उखडू लागतात. प्राणाची ओळख इथे त्याच्या जाण्याने पटते. हनुमानाच्या कथेतही तेच आहे : इंद्राने हनुमानाला वज्र मारल्यावर रुसलेल्या वायूने संचार थांबवला, सारे जीव गुदमरले, तेव्हा देवांना त्याची थोरवी कळली.

ही कसोटी झेनॉनला लावली की उत्तर स्वच्छ होते. झेनॉन निष्क्रिय वायू आहे. तो शरीरात जळत नाही, ऊर्जा देत नाही. नुसत्या त्याच्यावर माणूस काही मिनिटेही जगणार नाही, आणि जास्त प्रमाणात तो भूल देतो. ऑक्सिजन ज्या वाटेने रक्तात उतरतो ती वाट तो चालतो, पण ऑक्सिजनचे काम करत नाही. म्हणून चित्रात दिसते ती वाट : मोकळी, तुंबलेली किंवा जाड झालेली. त्या वाटेवरून येणाऱ्या श्वासाने देह एकत्र कसा धरला जातो, हा उपनिषदाचा प्रश्न त्या चित्राच्या कक्षेत येत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. तपासणीने प्राण सापडला किंवा प्राण नावाचे काही नसल्याचे सिद्ध झाले, हे दोन्ही दावे तिच्या आवाक्याबाहेरचे आहेत. उलट, फुप्फुसाचा कोणता भाग हवेला मुकला हे तीर्थ किंवा नवस सांगू शकत नाही. त्यासाठी लिंग, अनुमान आणि उपचारच लागतात. जामसावळीला नारळ फोडून नागपूरला छाती दाखवायला जाणारा माणूस यात काही विसंगत करत नाही. मात्र एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी लागू करून त्याने औषध थांबवले, तर ती चूक श्रद्धेइतकीच तर्काचीही ठरते.