खाडाखोड

आमच्या बँकेचा एक जुना दंडक आहे. लेजरात चुकलेला आकडा खरवडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही ठोकायची. चूक दिसली पाहिजे आणि चुकणाराही! पुढे लेजरं गेली, संगणक आले. दंडक मात्र माझ्या हाडीमासी भिनलेला.

म्हणूनच आमच्या पवईच्या बिल्डरचा मला संताप आला. फ्लॅट बुक करताना त्याच्या संकेतस्थळावर ‘प्रत्येक खिडकीतून तलावदर्शन’ होतं. ताबा मिळाल्यावर दर्शन घडलं ते समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या लेंग्यांचं. संकेतस्थळ पुन्हा उघडावं, तर तिथे ‘तलावापासून हाकेच्या अंतरावर’! ना रेघ, ना सही.

“बाबा, वेबॅक मशीनवर बघा ना,” चिरंजीव म्हणाले. सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांची पानं तारीखवार जपून ठेवते आणि २००१ पासून कुणालाही फुकट दाखवते. सगळीच सापडतात असं नाही. पण आम्ही पत्ता टाकला, बुकिंगच्या महिन्यातली तारीख दाबली, आणि प्रत्येक खिडकीतून तलाव उसळला!

मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतीकडे पाहिलं.

“अहो, कॉलेजात असताना तुमचंही पान होतं ना, जिओसिटीजवर?”

२००९ साली जिओसिटीज बंद झालं, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. पण पान निघालं! त्यावर मोडक्या इंग्रजीत माझी भीष्मप्रतिज्ञा : ‘एक वेळ भीक मागेन, पण बँकेत कारकुनी करणार नाही.’ चिरंजीवांनी ती दोनदा मोठ्याने वाचली.

रात्री मी त्या संस्थेला ‘माझे पान काढून टाकावे’ असा अर्ज लिहायला बसलो. तशी विनंती करता येते. पण हात थबकला. बिल्डरचा काल जपावा आणि माझा पुसावा, हा कुठला न्याय? तसा फरक आहे. त्याच्या शब्दावर मी आयुष्याची पुंजी मोजली. माझ्या शब्दावर कुणी दमडीही लावली नव्हती. विशीतल्या पोराचा बावळटपणा जगाने विसरावा, हे मला मान्य आहे. पण सवलत मागताना ज्याला त्याला आपलीच चूक कोवळी वाटते. बिल्डरलाही वाटत असेल.

अर्ज तसाच राहिला. हा लेख म्हणजे त्या प्रतिज्ञेवर मारलेली रेघ समजा. सही बाजूला आहेच.