भांड्याचं तोंड

उकळत्या पाण्यातल्या बेडकाची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली असणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर, नाहीतर ऑफिसच्या एखाद्या ट्रेनिंगमधल्या स्लाइडवर. पाणी हळूहळू तापवलं की बेडूक जुळवून घेत बसतो आणि शेवटी शिजतो. तात्पर्य, वेळीच उडी मारा. कूपमंडूक म्हणून आपण त्याला आधीच नावं ठेवलेली आहेत, त्यात ही भर.

गोष्ट खोटी आहे. बेडकाच्या अंगाचं तापमान भोवतालच्या हवापाण्यावर ठरतं. उन्हातून सावलीत, जमिनीवरून पाण्यात असं हलत राहणं हाच त्याचा थर्मोस्टॅट. उष्णता कळली नाही तर तो जगणारच नाही. १८६९ मध्ये फ्रीडरिश गोल्ट्झ हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ आत्म्याची जागा शोधत होते (हो, आत्म्याची). त्यासाठी त्यांनी बेडकांचं पाणी तापवलं. धडधाकट बेडूक २५ अंश सेल्सिअसलाच सुटायची धडपड करू लागला. निवांत बसून राहिला तो मेंदू काढलेला. पुढे १८७२ मध्ये हाइन्झमान यांनी, अगदी सावकाश तापवलं तर धडधाकट बेडूकही पळत नाही, असं मांडलं. पण ओक्लाहोमा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ व्हिक्टर हचिसन यांनी अलीकडच्या काळात ही दंतकथा साफ फेटाळली. त्यांचं म्हणणं असं, की पाणी तापेल तसा बेडूक जास्त जास्त धडपडतो आणि भांड्याचा आकार व तोंड सोयीचं असेल, तर उडी मारून बाहेर पडतो.

मी अडकलो तो या ‘असेल तर’पाशी.

स्लाइडवरच्या गोष्टीत भांड्याबद्दल एक शब्द नसतो. गॅस कुणी पेटवला हेही नसतं. सगळा दोष बेडकाचा. माझा एक मित्र दोन वर्षं रात्री दोनच्या कॉलवर बसतोय. सगळे त्याला विचारतात, ‘सोडत का नाहीस?’ त्याला पाणी तापल्याचं आमच्याआधी कळलंय. त्याच्यावर घराचा हप्ता आहे, ९० दिवसांचा नोटीस पीरियड आहे, आणि ९० दिवस थांबायला नवी कंपनी तयार नाही. त्याला जागं व्हायला सांगणं मला आता उद्धटपणाच वाटतो.

मग न सुटणाऱ्याची जबाबदारी शून्य? तसंही नाही. ज्याच्या भांड्याचं तोंड उघडं आहे आणि तरी जो बसून आहे, त्याला प्रश्न विचारावा. पण आधी वाकून तोंड बघावं. आणि आपला हात गॅसच्या बटणावर असेल, तर बेडकाचं मानसशास्त्र सांगत बसू नये.

तापत्या पाण्यातून खरोखर उडी मारता न येणारा बेडूकही असतो. आंबोलीच्या सड्यावर, जांभ्या खडकातल्या उथळ डबक्यांत आंबोली टोडची पिल्लं वाढतात. हा टोड आंबोलीच्या परिसराबाहेर जवळजवळ कुठेच नाही. पावसानं आठवडाभर दडी मारली की डबकं तापतं, आटतं. पिल्लांना तेव्हा शेपूट असते, पाय नसतात. बेडकांच्या काही जातींत पाणी आटू लागलं की पिल्लं मोठं होण्याची घाई करतात, वेळेआधी पाय काढतात आणि बाहेर पडतात. मात्र आकारानं लहान राहतात.