शिट्टी वाजेपर्यंत उठू नकोस

डिचोली,
मंगळवार, रात्र

चि. सोहम यास,


परवा तू होस्टेलवरून खास सामन्यासाठी आलास, मला फार बरं वाटलं. पण पंधरा मिनिटं बाकी असताना तू उठलास. उठण्याआधी आपल्या गोलकीपरला जी शिवी हासडलीस ती तीन ओळी खाली बसलेल्या त्याच्या वडिलांनी ऐकली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त हातातली चण्याची पुडी घडी घालून खिशात ठेवली. शिट्टी झाल्यावर मी बाहेर आलो तेव्हा तू ऑम्लेटच्या गाड्यापाशी उभा होतास. म्हणालास, "मामा, आता या डेंपोत काय उरलंय?"

तेव्हा मी काही बोललो नाही. रागाच्या भरात बोललेलं टिकत नाही आणि लागतं मात्र फार. म्हणून आज सावकाश लिहितो आहे. तूही सावकाश वाच.

आधी हे लक्षात घे की हा क्लब आपल्या घरी आयता आलेला नाही. ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली आपल्या डिचोलीत 'क्लूब देस्पोर्तिवो द बिचोली' नावाचा क्लब उभा राहिला. पुढे डेंपो घराण्याने हात दिला आणि त्याच मुळावर डेंपो स्पोर्ट्स क्लब वाढला. तुझे आजोबा मांडवीतल्या बार्जवर खलाशी होते. इथला लोहखनिजाचा माल बार्जमध्ये भरून मुरगाव बंदराकडे जायचा आणि त्या पैशातला थोडा वाटा फुटबॉलकडे वळायचा. डेंपो काय, साळगावकर काय, गोव्याचे मोठे क्लब असे खाणवाल्या घराण्यांनी पोसले. खेळाडूला पगार मिळे, कुणाला कंपनीत नोकरी मिळे. आजोबा म्हणायचे, "मी वाहिलेल्या मालातला एक टोपलाभर तरी त्या शर्टात गेला असेल." एवढ्या हक्काने ते सामन्याला जायचे.

मला त्यांनी पहिल्यांदा नेलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. काय पाहिलं ते फारसं आठवत नाही. आठवतो तो त्यांचा नियम. सामना सुरू होण्याच्या आधी पोचायचं आणि रेफरीने शेवटची शिट्टी वाजवेपर्यंत उठायचं नाही. डिचोलीची शेवटची बस चुकली तरी चालेल. दोनदा चुकलीही. पणजीच्या स्टँडवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही बापलेक झोपलो आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी आलो. तुझ्या आजीने दोन्ही वेळा आजोबांशी दिवसभर अबोला धरला, पण तिसऱ्यांदा जाताना शिदोरी तिनेच बांधून दिली.

आता माझी एक चूक सांगतो, कारण उपदेश करणाऱ्याने आधी आपली झोळी उघडी करावी. मी सोळा वर्षांचा असताना आपण एक सामना हरलो. बाहेर समोरच्या संघाची बस उभी होती. मी लिंबाएवढा दगड उचलला आणि मारला. काचेला तडा गेला. कुणाला लागलं नाही, हे माझं नशीब. आजोबांनी माझं मनगट धरून मला ड्रायव्हरसमोर उभं केलं, माफी मागायला लावली आणि पाकिटात होते तेवढे सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्या हंगामात मला पुन्हा मैदानावर नेलं नाही. ते एकटेच जायचे, रात्री परत यायचे आणि मी विचारलं तरी निकाल सांगायचे नाहीत. सकाळी 'नवप्रभा' येईपर्यंत मला थांबावं लागायचं.

त्या शिक्षेने मला एक गोष्ट शिकवली. समोरचा संघ म्हणजे शत्रू नव्हे. ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलमध्ये उभे राहिले की आम्हा डेंपोवाल्यांच्या पोटात गोळा यायचा. पण १९८४ मध्ये गोव्याने संतोष चषक जिंकला तेव्हा गोल राखत होते तेच शंखवाळकर, आणि आजोबांनी बार्जवर पेढे वाटले होते. आज ज्याच्या नावाने बोटं मोडतोस तोच उद्या आपल्या सगळ्यांचा असतो. म्हणून बोटं जरा जपून मोडावीत.

गोलकीपरचा विषय निघालाच आहे, तर ५ डिसेंबर २००४ ची गोष्ट ऐक. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. रविवार होता. बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. आपल्याकडे त्या वर्षी ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर आला होता. त्याने दोन गोल केले. दुसरा गोल मारताना पुढे झेपावलेल्या गोलकीपरशी त्याची धडक झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. पंचवीस वर्षांचा होता. डेंपो २-० ने जिंकला. फेडरेशन चषक आपण पहिल्यांदाच जिंकलो होतो. इथे बाजारात आम्ही फटाक्यांची माळ आणून ठेवली होती. फोन आल्यावर कुणी ती पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी मी ती दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदार साळगावकरवाला. त्याने एक शब्द न बोलता पैसे परत केले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. क्लबाने दहा नंबरचा शर्ट क्रिस्टियानोच्या नावाने कायमचा बाजूला ठेवला.

तो गोलकीपर होता सुब्रत पाल. विशीही न गाठलेला पोरगा. त्या आठवड्यात गोव्यात त्याला लोक काय काय बोलले! त्यात मीही होतो, सोहम. सहा वर्षांनी, २०११ च्या आशियाई चषकात, दोहाला तोच भारताच्या गोलमध्ये उभा होता. दक्षिण कोरियाकडून भारत ४-१ ने हरला, पण त्याने अडवलेले फटके बघून मी घरात टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. त्याच भारतीय संघात आपले क्लायमॅक्स लॉरेन्स आणि महेश गवळी होते. मी मनातल्या मनात त्या पोराची माफी मागितली. समोर जाऊन मागायची संधी मिळणार नव्हती. तुला मात्र आहे. परवाच्या त्या वडिलांना मी ओळखतो. पुढच्या वेळी मी तुला त्यांच्यापाशी नेईन. काय बोलायचं ते तू ठरव.

क्रिस्टियानो गेला त्याच हंगामात, २००५ च्या मे महिन्यात, डेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. तिथून जे दिवस आले ते आठवले की अजून अंग शहारतं. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक. मधल्या फळीत क्लायमॅक्स आणि क्लिफर्ड मिरांडा, मागे समीर नाईक, पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि त्याला चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटो. आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातलं २००७-०८ चं तर राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आयलीगचं पहिलंच वर्ष, आणि चर्चिल ब्रदर्सचे गुण आपल्याइतकेच झाले होते, गोलफरकावर आपण जिंकलो. २००८ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलो. २०११-१२ मध्ये रँटीने एकट्याने ३२ गोल केले. त्या काळात डेंपोचा चाहता होणं सोपं होतं. स्कूटरवर स्टिकर लावायला कुणालाही आवडायचं.

मला त्या वर्षांतला एक सामना सारखा आठवतो. २०११ चा मे महिना, समोर मुंबईचा एअर इंडिया. आपण १४-० ने जिंकलो. चौदा! सुरुवातीला आम्ही नाचलो. मग हळूहळू नाचणं थांबलं आणि मी समोरच्या अकरा जणांकडे बघायला लागलो. जाळ्यातून चेंडू निघायचा, मध्यावर यायचा, आणि ते पुन्हा खेळायला उभे राहायचे. दहावा गोल झाला, बारावा झाला, तरी कुणी मैदान सोडलं नाही. शिट्टी वाजल्यावर मी टाळ्या वाजवल्या त्या दोन्ही संघांसाठी. चौदा गोल खाल्लेले लोक शेवटपर्यंत थांबले होते, आणि तू परवा एका गोलावर उठलास. याचा विचार कर, एवढंच म्हणेन.

पुढचं तू अर्धवट ऐकलं आहेस, ते नीट सांगतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मी ज्या वर्कशॉपात फिटर होतो तेही बंद झालं. डेंपोंनी खाणधंदा त्याआधीच, २००९ मध्ये, विकला होता, पण क्लब सांभाळला होता. २०१५ मध्ये संघ आयलीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी आयलीगची दुसरी श्रेणी जिंकून वर जायचा हक्क परत मिळवला. आणि नेमक्या त्याच वर्षी क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्यात इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, वर आणि आयलीग खाली जाणार होती. ते मान्य नाही म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि आपण, तिघेही बाहेर पडलो. क्लबाची भूमिका मला पटत होती आणि रात्री झोपही लागत नव्हती. जिंकून वर आलेला संघ कुठेच जाणार नव्हता.

नंतरची सात वर्षं उरली फक्त गोव्याची लीग. तू विचारलंस ना, काय उरलंय? त्या सात वर्षांत मी ते मोजलं. कधी चाळीस माणसं, कधी पंचवीस. त्यात निम्मे खेळाडूंचे घरचे. पण रिकाम्या मैदानावर फुटबॉल ऐकू येतो, सोहम. बुटाचा चेंडूला लागलेला आवाज कळतो, तो आतल्या बाजूने मारला की पंजाने, हे डोळे मिटून सांगता येतं. मागून कुणी धावत आलं की बचावपटू ओरडतो, "फाटल्यान! फाटल्यान!" आणि ज्याच्याकडे चेंडू असतो तो मान न वळवता एका स्पर्शात चेंडू सोडतो. भरलेल्या फातोर्डा स्टेडियमवर हे मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा भर पावसात पोरं खेळत होती आणि छत्रीखाली आम्ही सहा जण होतो. सामना संपल्यावर एक राखीव खेळाडू आमच्यासमोरून जाताना थांबला आणि म्हणाला, "बरें जालें आयलात." मैदानावर तो एक मिनिटसुद्धा उतरला नव्हता. पण आम्ही आलो आहोत हे त्याने पाहिलं होतं.

चाहत्याच्या हातात दुसरं असतं काय? आपण गोल मारत नाही, पगार देत नाही, कुणाला संघात घेत नाही. आपल्या हातात फक्त हजेरी आहे. विजयाच्या दिवशी तिची किंमत कुणाला कळत नाही, कारण तेव्हा सगळेच येतात. ती कळते ओल्या पायरीवर सहा माणसं असतात तेव्हा.

२०२४ मध्ये समीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली संघ दुसऱ्या श्रेणीत दुसरा आला आणि आयलीगमध्ये परतला. ज्याला मी मागच्या फळीत खेळताना पाहिलं होतं, तोच बाकाजवळ उभा राहून नव्या पोरांना ओरडून जागा दाखवत होता. त्या दिवशी मी आजोबांच्या फोटोला हार घातला. तुझ्या आईने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, आपण परत आलो.

तू मोबाइलवर इंग्लंडातले सामने बघतोस. जरूर बघ. उत्तम खेळ बघितल्याने नजर तयार होते. पण तिथल्या गोलकीपरला तुझी शिवी ऐकू जात नाही आणि तुझी टाळीही. इथे दोन्ही पोचतात. म्हणून इथे तोंड जपून उघड आणि हात मोकळा सोड. हरल्यावर आधी आपल्या पोरांसाठी टाळी वाजव, मग काय चुकलं ते घरी येताना बसमध्ये माझ्याशी बोल. तेव्हा मी तुझ्याशी वाद घालीन, कारण परवाचा गोल त्या कीपरची एकट्याची चूक नव्हती. डाव्या बगलेचा बचावपटू वर गेला होता आणि त्याची जागा कुणीच घेतली नाही. तू उठलास म्हणून तुला नंतरचं दिसलं नाही. शेवटच्या मिनिटाला त्याच कीपरने उजवीकडे झेप घेऊन दुसरा गोल वाचवला.

पुढचा सामना रविवारी आहे. मी तीन वाजता मडगावच्या कदंब स्टँडवर उतरेन. फोंड्याहून येणारी गाडी जिथे लागते तिथे उभा राहतो.

तुझा,
विनूमामा