विसाव्याचे घर आणि गावाचे भय

वारीच्या वाटेवर पालखीचे मुक्काम असतात, तसे विसावेही असतात. विसावा म्हणजे घर नव्हे आणि पंढरीही नव्हे. घर मागे राहिलेले असते, पंढरी पुढे असते, पाय दुखत असतात. आणि तेवढ्यात एखाद्या गावचे लोक पाण्याच्या घागरी भरून रस्त्यावर उभे असलेले दिसतात. असे विसावे नसते तर आपल्यापैकी किती जण पंढरीस पोहोचले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने मनाशी करावा.

आज वाचकांपुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो अशाच एका विसाव्याचा आहे. सरकारी कागदात त्याला 'हाफवे होम' म्हणतात. शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेला, मनोरुग्णालयात बरा झालेला किंवा दारू सोडून नुकताच सावरू लागलेला माणूस एकदम संसारात कसा उभा राहणार? म्हणून त्याला काही महिने राहावयास जागा द्यावयाची, हाताला काम द्यावयाचे, औषध वेळेवर पोटात जाते की नाही हे पाहावयाचे, आणि मग त्याला आपल्या वाटेने जाऊ द्यावयाचे. अर्धी वाट चालून आलेल्याचे हे घर. कल्पना उत्तम आहे, असे कोणीही म्हणेल. पण 'हे घर तुमच्याच गावात काढावयाचे आहे' असे सांगितले की तोच मनुष्य म्हणतो, "चांगलं आहे हो, पण इथं नको."

या 'इथं नको'चा विचार केला पाहिजे. तो करताना डोळ्यांपुढे एखादे खरे गाव असावे म्हणून आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा हे क्षेत्र घेतो. असा काही बेत तेथे ठरला आहे असे आमचे म्हणणे नाही. गाव केवळ उदाहरणासाठी घेतले आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध आहे. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी तेथील देवस्थाने. काशीची यात्रा केली तरी प्रकाशास आल्यावाचून ती पुरी होत नाही, अशी भाविकांची श्रद्धा. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की गौतमेश्वराच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात. १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीही येथे वस्ती होती असे दिसून आले. इतक्या काळात या घाटावर कोण उतरले आणि कोण गेले, याची नोंद कोणी ठेवली आहे?

आता समजा, अशा गावच्या ग्रामसभेत विसाव्याच्या घराचा विषय निघाला. लोक काय म्हणतील? आमच्या मते तीन गोष्टी म्हणतील, आणि तिन्ही ऐकून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट आयाबहिणींची. "आमच्या पोरी एस.टी.ने शाळेत जातात, बायका पहाटे घाटावर जातात. उद्या काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण?" या भयाला कोणी भित्रेपणा म्हणू नये. लेकराला जपणे हाही धर्मच आहे. ज्याचे घर घाटापासून लांब आहे त्याने घाटावरच्या माणसाला धैर्याचे पाठ देऊ नयेत.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. "हे तीर्थ आहे. येथे लोक पुण्य करायला येतात, येथे असली माणसे कशाला?"

तिसरी गोष्ट न्यायाची. "शहरांना मोठी इस्पितळे, मोठे रस्ते, आणि नको असलेले ते सारे आमच्या खेड्यात. आमच्याच माथी का?"

तिसऱ्या गोष्टीचे उत्तर प्रथम देतो, कारण तिच्यात पुष्कळ तथ्य आहे. गावाला न विचारता, रातोरात फलक लावून असे घर काढले तर गाव चिडणारच. दोष गावाचा नव्हे. परंतु हेही पाहा. महाराष्ट्र सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार ठिकाणी आहेत. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याचा कोणी भिल्ल किंवा पावरा बांधव आजारी पडला तर त्याला शेकडो किलोमीटर दूर नेतात. तो बरा होतो. पण तेथे त्याची बोली कोणाला कळत नाही, घरून भेटीस कोणी येऊ शकत नाही, आणि बरा झालेला माणूस तेथेच पडून राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही गोष्ट स्पष्ट केली आहे. घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा राहावयास घर नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, आणि हाफवे होमसारखी सोय करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तेव्हा खानदेशात असे घर निघाले तर तेथे शहराचा नको असलेला माल येणार नाही. आपलाच हरवलेला माणूस परत येणार आहे.

दुसऱ्या गोष्टीचे उत्तर प्रकाशाचा घाटच देतो. तेथे लोक अस्थी घेऊन येतात, उत्तरकार्य करतात. आपल्या शास्त्राची समजूत काय? देह सुटल्यावर दहा दिवस तो जीव ना इकडचा ना तिकडचा. त्याची गती होईपर्यंत मागे राहिलेल्यांनी त्याचे करावयाचे असते. मेलेल्याच्या मधल्या वाटेसाठी ज्या गावाने घाट बांधले, त्या गावाला जिवंत माणसाची मधली वाट अपवित्र कशी वाटेल? तीर्थ शुद्ध माणसांसाठी असते तर स्नानाची गरजच काय होती?

आपल्या संप्रदायाचा आरंभ आठवा. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. तेव्हा ते संन्यासी राहिले नाहीत आणि गाव त्यांना गृहस्थ मानीना. अर्ध्या वाटेवरचा माणूस म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोठे दिसेल? परंपरा सांगते की आळंदीने त्यांना वाळीत टाकले, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, तरीही मुलांना पैठणास जाऊन शुद्धिपत्र मागावे लागले. प्रायश्चित्त संपले, पण शिक्षा संपली नाही! त्यांतली धाकटी मुक्ताई. तिचे शेवटचे ठिकाण तापीच्याच काठी, मेहूण येथे. तेच पाणी पुढे प्रकाशाच्या संगमास येते. गावाने दार लावलेल्या घरातली ही मुलगी. आज तिच्या पादुकांची पालखी गावोगाव दारासमोरून जाते आणि लोक रांगोळ्या घालतात.

कोणी म्हणेल, "अहो, ती संतांची मुलं. तुरुंगातून सुटलेला प्रत्येक जण का ज्ञानदेव होणार आहे?" मुळीच नाही, आणि आमचे म्हणणे तसे नाहीही. आळंदीकरांना ही मुले पुढे कोण होणार हे ठाऊक नव्हते. ते कोणालाच ठाऊक नसते. चूक झाली ती अशी की, प्रायश्चित्त घेतल्यावर परत यावयाची वाटच गावाने ठेवली नाही. न्यायाधीश शिक्षेची वर्षे मोजून देतो. पण तुरुंगाचे दार सरकार उघडते, गावाचे दार सरकारला उघडता येत नाही. म्हणून शिक्षा खरोखर कोठे संपते, तर गावाच्या वेशीत. तेथे ती संपू दिली नाही, तर पाच वर्षांची शिक्षा आपण जन्मठेपेची करतो, आणि तेही कोणत्याही न्यायासनावर न बसता.

आता पहिली गोष्ट, भयाची. तिला नुसत्या संतचरित्राने उत्तर देणे म्हणजे आईच्या काळजीचा अपमान करणे होय. तेव्हा अनुभव काय सांगतो ते पाहू.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियर गृहस्थांच्या कल्पनेतून ती निघाली. शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंतीवाचून ठेवावयाचे. त्यांनी शेती करावी, बायकापोरांसह राहावे, विश्वासाने वागावे. त्या काळी लोकांना हे वेडेपण वाटले असल्यास नवल नाही. पण संस्थान विलीन झाले तरी वसाहत मोडली नाही. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. ज्या पैठणास त्या चार भावंडांना शुद्धिपत्र मागावे लागले, त्या नाथांच्या पैठणातही आज खुले कारागृह आहे आणि बंदी तेथे शेती करतात.

दुसरा अनुभव मनोरुग्णांचा. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणून, बरे करून घरी पोहोचविण्याचे काम आरंभिले. मुंबईत दहिसरला केंद्र काढले तेव्हा शेजारच्या वस्तीने विरोध केला. कारण हेच, 'इथं नको'. पुढे २००६ साली कर्जतला मोठे केंद्र झाले. हजारो माणसे तेथून आपापल्या घरी गेली. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. पुरस्काराचे कौतुक सोपे असते. शेजारी राहणे अवघड.

या अनुभवांतून एक गोष्ट ध्यानात येते. स्वतंत्रपुरास कोणालाही उचलून नेत नाहीत. वर्तन पाहून, निवडून नेतात. कर्जतला डॉक्टर असतात, औषध असते, घरचा पत्ता शोधणारी माणसे असतात. म्हणजे विश्वासाच्या जोडीला व्यवस्था असते. म्हणून गावाने भय लपवू नये. ते प्रश्नांच्या रूपाने सभेत मांडावे. घरात किती माणसे राहणार? रात्री जबाबदार कोण? डॉक्टर कितव्या दिवशी येणार? माणसे निवडताना काय पाहणार? तक्रार झाली तर ऐकणार कोण, आणि घरावरच्या देखरेखीत गावचे दोघे-चौघे असतील की नाही? लहान मुलांवर अत्याचार केलेल्यास शाळेशेजारी ठेवावयाचे म्हणाल, तर गावाने साफ नाही म्हणावे. तो गावाचा हक्कच आहे. या प्रश्नांची उत्तरे ज्यांना देता येत नाहीत, त्यांना असे घर काढण्याचा अधिकार नाही. परंतु उत्तरे मिळाल्यावरही ज्याचे 'नाही' तसेच राहते, त्याने आपल्या मनाला विचारावे की हे लेकरांसाठीचे भय आहे की दुसरेच काही?

आणखी एक गोष्ट भयाच्या हिशेबात येत नाही. आपण 'नाही' म्हटले म्हणून तो माणूस नाहीसा होत नाही. त्याची सुटकेची तारीख आपल्या ठरावाने पुढे जात नाही. तो येणारच. एका घरात, कोणाच्या नजरेखाली, काम करून जेवणारा असा येईल. नाही तर स्टँडवर, उपाशी, कोणाचीही नजर नसलेला असा येईल. यातला कोणता आपल्या पोरीबाळींना अधिक सुरक्षित, हे आईनेच सांगावे.

येथे एक शंका खोल आहे, तिला बगल देता येणार नाही. ज्याच्या घरचे माणूस मारले गेले, तो म्हणेल, "त्याला तुम्ही क्षमा करणारे कोण?" हे त्याचे म्हणणे खरे आहे. दुसऱ्याच्या दुःखावरची क्षमा आपण वाटून टाकू शकत नाही. ती द्यावयाची की नाही, हे ज्याला दुखापत झाली त्याच्या हाती. पण विसाव्याचे घर म्हणजे क्षमा नव्हे. विसाव्यावर पाणी देणारा 'तू पंढरीस पोहोचलास' असे सांगत नाही. 'पुढे चाल' एवढेच सांगतो. ते चालणे त्या माणसालाच करावयाचे आहे.

आणि शेवटी आपल्यासाठी, माळकऱ्यांसाठी, एक शब्द. पंढरीतसुद्धा असा काळ होता की अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पाठ टेकावयास जागा मिळत नसे. गाडगेबाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना, खानदेशात अमळनेरला शिक्षक असलेल्या त्या माणसाला, पंढरपुरात उपोषण करावे लागले. विठोबाच्या गावातही 'इथं नको' होते, आणि ते कोणीतरी मोडले म्हणून आज आपण मान वर करून त्या दारातून आत जातो.

आपण वारीत निघतो तेव्हा रोज नव्या गावाला परके असतो. आमच्या ओसरीवर कोण निजला, पूर्वी काय करीत होता, कोणी विचारत नाही. गळ्यात माळ आहे, पाय सुजले आहेत, एवढे पाहून भाकरी पुढे करतात. या ऋणाची फेड त्या गावांना करता येत नाही. ती दुसऱ्याच कोणाला तरी करावी लागते. प्रकाशात असो, आपल्या गावात असो, ग्रामसभेत विसाव्याच्या घराचा विषय निघेल त्या दिवशी माळकऱ्याने घरी बसू नये. जावे, प्रश्न विचारावेत, खोदून विचारावेत. आणि उत्तरे बरी मिळाली तर सर्वांच्या आधी आपला हात वर करावा.

रामकृष्णहरि.