दीड इंच

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात गुरांचे एक डॉक्टर राहत होते. त्यांच्याकडे जुनी जिप्सी होती. ही गाडी बनवणं कंपनीने 2018 च्या सुमारास थांबवलं होतं, म्हणून डॉक्टर तिला फार जपत. सकाळी दवाखाना, दुपारी वाड्यावस्त्या, संध्याकाळी बाजारगाव, सगळं त्याच गाडीने. मागे औषधांची पेटी असे आणि दोरीने बांधलेलं नायट्रोजनचं भांडं असे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या कांड्या त्या भांड्यात उणे 196 अंशांवर ठेवलेल्या असत. भांडं कलंडलं की द्रव सांडे आणि कांड्या वाया जात. बाजारच्या दिवशी डॉक्टरांची म्हातारी आईही गाडीतून तालुक्याला जाई. एक हात गुडघ्यावर आणि दुसरा दाराच्या दांडीला धरून ती चढे.

रोजचा रस्ता बहुतेक डांबरी होता, घाटाचा. वाडीकडे वळल्यावर मात्र बैलगाडीची चाकोरी लागे. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल जात आणि मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट घासे. तो आवाज डॉक्टरांना सहन होत नसे.

गावातल्या एका तरुणाकडेही जिप्सी होती. तो ती चिखलातल्या शर्यतींना नेई. जिप्सीचे पाटे मुळात आसाच्या खाली असतात. त्याने ते आसाच्या वर आणून बसवून घेतले होते. तेवढ्याने गाडी पाचेक इंच उठली होती. ती जिथून जाई तिथे पोरं मागे धावत. डॉक्टरांच्या मनात ती गाडी भरली.

ते तालुक्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले.

"काका, माझीही पाच इंच उचलून द्या."

मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "परवा या. वाडीला जाऊन या आणि गाडी धुऊ नका."

डॉक्टर चिखलाने माखलेली गाडी घेऊन आले. मिस्त्री बल्ब घेऊन खाली सरकले. स्क्रूड्रायव्हरने चिखल खरवडत एकेक भाग त्यांनी पाहिला. सायलेन्सरचा जोड खालून चपटा झाला होता. गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर ताजा, चकचकीत ओरखडा होता. मागच्या डिफरन्शियलचं टोकही घासून उजळलं होतं. पेट्रोलच्या टाकीवर मात्र जुनी धूळ तशीच होती, आणि चासीला कुठे काही लागलेलं नव्हतं.

मग त्यांनी टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी अंतर मोजलं. आवारात दुसरी एक जिप्सी उभी होती, तिचंही मोजलं.

"डॉक्टर, तुमची गाडी मागून सव्वा इंच बसलीय. पाट्यांची कमानच राहिली नाही, पार सपाट झालेत. आधी गेलेली उंची परत आणू. मग वर किती लागते ते बघू."

"आणि डिफरन्शियल? तेही घासतंय."

"ते पाटे उचलून उचलत नाही. पाट्यांनी बॉडी वर जाते. डिफरन्शियल आसावर आहे आणि आस चाकांवर. ते उचलायचं तर टायर मोठा हवा." मिस्त्रींनी टायरवरचे आकडे दाखवले. "हा 205/70 आहे, 15 च्या रिमचा. त्याच रिमवर 215/75 बसतो. आस जवळपास 18 मिलिमीटर वर येईल. मीटर थोडा कमी दाखवेल. साठ दाखवला की तुम्ही त्रेसष्टवर असाल. तेवढं ध्यानात ठेवा. आणि आरटीओत विचारून या. त्यांनी हो म्हटलं तरच हात लावतो."

डॉक्टरांना अजून पाच इंच सुटत नव्हते. "पण त्या मुलाची गाडी तर छान चालते."

"चालते. त्याने ब्रेकचे पाइप लांब घेतलेत, प्रोपेलर शाफ्टचं काम करून घेतलंय, स्टिअरिंगचा दांडा बदललाय. नुसती उचलून सोडली असती तर क्रॉस खडखडले असते आणि खड्ड्यात चाक पडलं की स्टिअरिंग हातातून ओढलं असतं. त्याचं काम चिखलातलं आहे, तो महिन्यातून दोनदा जातो. तुम्ही रोज घाट उतरता. गाडीचं वजन जितकं वर जाईल तितकी ती वळणावर झुकेल. तुमचं ते भांडं कुठे बांधता?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. मिस्त्रींनी एक रिकामा लाकडी खोका आणून दारापाशी ठेवला. "पाच इंच उचलल्यावर पायरी एवढी वर जाईल. आईंना विचारून बघा."

त्या दिवशी डॉक्टर तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी आरटीओत विचारून आले आणि गाडी मिस्त्रींकडे सोडली.

पाटे उतरवून कमानवाल्याकडे गेले. त्याने पानं सुटी केली, ठोकून पुन्हा कमान दिली, मागे एकेक पान वाढवलं. झिजलेले बुश नवे पडले, उंचीला साजेसे शॉकअब्सॉर्बर आले. सायलेन्सरचा चपटा जोड कापून थोडा वर घेतला आणि आडव्या पट्टीखाली जाड पत्रा लावला. टायर बदलले. शेवटी अलाइनमेंट झालं आणि हेडलाइट खाली केले, कारण नाक वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. गाडी नवी असताना होती त्यापेक्षा ती आता दीड इंच उंच उभी राहिली. लांबून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं.

वाडीच्या चाकोरीत ती आता घासेना. घाटात पूर्वीसारखीच वळे. भांडं जागचं हलत नसे. आई चढताना "जरा उंच झाली का रे?" एवढंच म्हणाली आणि बसली.

पुढच्या पावसात एका संध्याकाळी वरच्या वाडीहून निरोप आला, म्हैस अडली आहे. डॉक्टर निघाले. वाटेत ओढ्याला पाणी चढलं होतं. तो तरुण त्याच वेळी आपली उंच गाडी घेऊन आला आणि पाणी कापत पलीकडे गेला. डॉक्टरांची गाडी काठाशीच थांबली. शेजारी बसलेला परिचर हळूच म्हणाला, "साहेब, आपणही तेवढी उचलायला हवी होती."

त्याचं म्हणणं त्या घटकेपुरतं खरंच होतं. थोडं घेणाऱ्याला कधीतरी असं काठावर थांबावं लागतं. पण असा ओढा वर्षातून एखाद्या वेळी आडवा येतो, आणि घाट, आईचा गुडघा, मागचं भांडं रोजचं असतं. डॉक्टरांनी गाडी रोजच्यासाठी बांधून घेतली होती. एखाद्या दिवसाची अडचण त्यांनी तेव्हाच पत्करली होती.

त्यांनी गाडी मागे घेतली आणि खालच्या पुलावरून वळसा घातला. पोचायला अर्धा तास जास्त लागला. गोठ्यात कंदील लावलेला होता. रेडकाचा पुढचा एक पाय मागे दुमडला होता. डॉक्टरांनी बाह्या सारल्या, हात धुतले, पाय सरळ करून घेतला. रेडकू जिवंत निघालं. घरधन्याने चहा टाकला आणि परिचराने पेटी आवरायला घेतली.